औषधच मिळत नसेल तर चिठ्ठी लिहून माझं काम संपतं का?

ओपीडी_संपल्यावर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण चार दिवस झाले ही गोष्ट डोक्यातून जातच नाहीये.

मी जनरल प्रॅक्टिस करतो, सहा वर्षं झाली. माझी एक पेशंट आहे, वय २६, एपिलेप्सी. लॅमोट्रिजिन १०० एमजी सकाळ-संध्याकाळ एकेक. अडीच वर्षं एकही फिट नाही, नोकरी सुरू झाली, सगळं छान चाललं होतं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला की सर गोळी मिळत नाहीये, तर मी ओपीडीच्या गडबडीत म्हटलं की दोन-चार ठिकाणी विचारून बघा, मिळेल कुठेतरी. झालं, मी विसरलो.

तिने विचारलं. दोन-चार नाही, सात ठिकाणी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर, माल शॉर्ट आहे, वरूनच येत नाहीये. मग तिने मला परत फोन केला नाही, कारण डॉक्टरांना सारखा कशाला त्रास द्यायचा. उरलेल्या गोळ्या पुरवायच्या म्हणून तिने स्वतःच अर्ध्या करून घ्यायला सुरुवात केली. नऊ दिवस अर्धी-अर्धी. दहाव्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये फिट आली, बेसिनच्या कडेवर कपाळ आपटलं, सहा टाके पडले.

माझ्याकडे आली तेव्हा पर्समधून तिने स्ट्रिप काढून दाखवली. सगळी रिकामी, फक्त कोपऱ्यातल्या एका कप्प्यात अर्धी गोळी, आणि ती पडू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावलेली. ती चिकटपट्टी बघून मला काही बोलताच आलं नाही.

मग तिच्यासमोरच मी एका मेडिकलमध्ये फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, डॉक्टर १०० ची नाहीये हो, पण ५० ची आहे की. म्हणजे ५० च्या दोन-दोन लिहून दिल्या की काम झालं असतं. दोन मिनिटं लागली सगळ्याला.

तर माझा प्रश्न असा की तुटवडा असताना लिहून देणाऱ्याने नक्की काय काय करायचं असतं? हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. औषध कुठलं द्यायचं, किती द्यायचं हे शिकवलं, ते बाजारातच नसेल तर काय हे नाही. आणि उद्या ५० ची पण संपली तर? अनुभवी लोकांनी आणि फार्मसीवाल्यांनी प्लीज सांगा.

---

काउंटरपलीकडून

डॉक्टर, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आधी आभार. मी फार्मासिस्ट आहे, सतरा वर्षं काउंटरला उभी आहे, आणि तुमच्या पेशंटसारखी माणसं मी रोज परत पाठवते आणि रोज वाईट वाटतं.

एक गोष्ट समजून घ्या. चिठ्ठीवर १०० लिहिलेलं असताना आम्ही आपल्या मनाने ५० च्या दोन देऊन टाकायच्या का, याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. काही ठिकाणी चालतं, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून सरकारने एक पद्धत सुरू केलीये, एखादं औषध फारच शॉर्ट झालं की त्या औषधापुरता आदेश निघतो आणि मग त्यात लिहिलेला बदल फार्मासिस्टला डॉक्टरला न विचारता करता येतो. सगळीकडे असं नाहीये. म्हणून आम्ही दुकानात फोन हातात धरून उभे असतो आणि दवाखान्याचा नंबर एकतर एंगेज असतो नाहीतर रिसेप्शनवरून सांगतात डॉक्टर राउंडला गेलेत, नंतर करा. तो नंतर कधी येत नाही, कारण तोपर्यंत पेशंट निघून गेलेला असतो.

तर पहिली मागणी, आमच्यासाठी एक नंबर द्या जो उचलला जाईल. तुमचाच पाहिजे असं नाही, नर्सचा द्या, असिस्टंटचा द्या, पण त्या माणसाला तुम्हाला ओपीडी चालू असताना येऊन विचारायची परवानगी असू दे.

दुसरं, चिठ्ठी लिहिताना वाट ठेवा. औषधाचं मूळ नाव लिहा, नुसता ब्रँड नको. दिवसाला एकूण किती एमजी जायला पाहिजे ते लिहा आणि पुढे एक ओळ टाका, की या ताकदीची नसेल तर दुसऱ्या ताकदीच्या मिळून एवढाच डोस द्यावा. जिथे नियमात बसतं तिथे या एका ओळीने माझे अर्धे फोन वाचतात. एखाद्या पेशंटला खरंच तोच ब्रँड लागतो, तेव्हा तसं लिहा आणि का ते पण लिहा, म्हणजे आम्हीही जीव तोडून तोच शोधू. पण सवयीने प्रत्येक चिठ्ठीवर ब्रँड बदलू नये असं लिहिणारे डॉक्टर आहेत, तुटवड्याच्या काळात त्याचा सगळा भार पेशंटवर येतो.

तिसरं म्हणजे आम्हाला विचारा. आम्ही सप्लायरच्या सिस्टिममध्ये बघू शकतो की कुठली ताकद आहे, कुठल्या कंपनीचं आहे, गोळी नाही पण सिरप आहे का, माल यायची तारीख काही दिसतेय का. तुम्ही पर्याय ठरवला, पेशंटला समजावला, चिठ्ठी बदलून दिली आणि तो पर्यायही दोन दिवसांपासून गायब आहे, असं आठवड्यातून तीन वेळा होतं. कारण एक औषध शॉर्ट झालं की सगळे डॉक्टर एकाच पर्यायाकडे वळतात आणि तोही लगेच संपतो. चिठ्ठी लिहायच्या आधी एक फोन, एवढंच.

आणि बदल करताना नावं नीट बघा. रक्तदाबाचं मेटोप्रोलॉल टार्ट्रेट आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट एक नाही, पहिलं दिवसातून दोनदा घ्यायचं आणि दुसरं लांब चालणारं, एकदा घ्यायचं. ट्रान्सप्लांटनंतर लागणाऱ्या टॅक्रोलिमसची साधी कॅप्सूल आणि लांब चालणारी कॅप्सूल सरळ एकमेकांच्या जागी देता येत नाही. फिटच्या औषधात, फेनिटोइनच्या १०० च्या सोडियमवाल्या कॅप्सूलमध्ये खरं फेनिटोइन ९२ असतं आणि चावायच्या गोळीत ते सोडियमशिवाय असतं. आठ टक्क्यांचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण फेनिटोइनमध्ये डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम चढते, माणूस झोकांड्या खायला लागतो.

अजून एक. गोळी बदलली की तिचा रंग, आकार, पाकीट सगळं बदलतं. माझ्याकडचे एक आजोबा दोन्ही पाकिटांतून एकेक घेत होते, जुनी रक्तदाबाची आणि नवीन पण रक्तदाबाचीच. त्यांना वाटलं डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. चक्कर येऊन पडल्यावर मुलगा दोन्ही पाकिटं घेऊन आला तेव्हा कळलं. म्हणून बदल केला की चिठ्ठीवर ठळक लिहा, अमुक गोळी बंद, तिच्या जागी ही.

---

तपासणी_टेबल

वरचं सगळं पटतंय पण एक विचारू का, हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? माझ्याकडे सकाळच्या ओपीडीत ५०-६० पेशंट असतात. प्रत्येक औषधासाठी दुकानात फोन करत बसलो तर तपासायचं कधी? माल उपलब्ध करणं हे कंपन्यांचं आणि सरकारचं काम आहे, तुटवडा आम्ही केलेला नाही. मला पेशंटची काळजी नाही असं नाही, पण सगळंच डॉक्टरच्या गळ्यात घालायचं हे काही बरोबर नाही.

---

जुना_फिजिशियन

@तपासणी_टेबल, तुमचा वैताग मला समजतो, तीस वर्षं मीही त्याच खुर्चीत आहे. तुटवडा आपण केलेला नाही हे अगदी खरं. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोतले कारखाने बंद पाडले आणि अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत सलाइनच्या छोट्या पिशव्या मिळेनात. २०२३ मध्ये सिस्प्लॅटिनचं तसंच, अमेरिकेला लागणारं जवळपास निम्मं सिस्प्लॅटिन ज्या एका कारखान्यातून जायचं तिथे तपासणीत दोष निघाले, उत्पादन थांबलं आणि कॅन्सरच्या पेशंटच्या तारखा पुढे ढकलायची वेळ आली. जुनी, स्वस्त, पेटंट संपलेली इंजेक्शनं बनवण्यात नफा उरत नाही, म्हणून बनवणारे दोन-तीनच राहतात आणि त्यातला एक बंद पडला की सगळ्यांचं अडतं. हे तुमच्या-माझ्या हातात नाही.

पण एक सांगतो. औषध कुठलं चालेल आणि कुठलं नाही हे ठरवायचा अधिकार या सगळ्या साखळीत फक्त आपल्याकडे आहे. फार्मासिस्टला माल दिसतो पण चिठ्ठी बदलता येत नाही, पेशंटला चिठ्ठी दिसते पण पर्याय कळत नाही. आपण दोन मिनिटं दिली नाहीत तर तो माणूस सात दुकानं फिरतो. आणि तुम्ही स्वतः फोन करायची गरज नाहीये. आमच्याकडे सिस्टर दर सोमवारी सकाळी फार्मसीला एक फोन करते आणि काय शॉर्ट आहे, काय होणार आहे ते फळ्यावर लिहिते. सगळ्या डॉक्टरांना पुरतं.

आता मूळ प्रश्नाकडे. मी मनात दोन ढीग करतो. एका ढिगात अशी औषधं जिथे भावंडं भरपूर आहेत आणि हिशोब माहीत आहे. कोलेस्टेरॉलचं एक स्टॅटिन नाही तर दुसरं. स्टेरॉइडमध्ये प्रेडनिसोलोन ५ नाही तर मिथाइलप्रेडनिसोलोन ४. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड ४० ची गोळी नाही तर टॉर्सेमाइड २०, मग वजन आणि पोटॅशियमवर लक्ष. इथे फार विचार करत बसायचं नाही, लगेच बदलून मोकळं व्हायचं, पेशंटला एक दिवसही उपाशी ठेवायचं नाही.

दुसऱ्या ढिगात फिटची औषधं, मूड सांभाळणारं लिथियम, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, थायरॉक्सिन, ट्रान्सप्लांटची औषधं. इथे बदल म्हणजे तपासणी आलीच. थायरॉक्सिनचा ब्रँड बदलला तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची आणि ती तारीख चिठ्ठीवरच लिहून द्यायची, नाहीतर कोणी करत नाही. वॉरफरिनला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, लवकर. इन्सुलिनमध्ये तर फार जपून, ग्लार्जिनचं एका एमएलला ३०० युनिटवालं पेन नाही म्हणून १०० वालं दिलं तर डोस साधारण २० टक्के कमी करून सुरू करतात, नाहीतर रात्री साखर खाली जाते. तेच नाव, तेच औषध म्हणून तोच आकडा लिहून देणारे मी पाहिलेत.

आणि जी अचानक थांबली तर धोका आहे ती औषधं कायम डोक्यात ठेवायची. क्लोनिडिन, बीटा ब्लॉकर, बॅक्लोफेन, स्टेरॉइड, झोपेच्या आणि घाबरण्याच्या गोळ्या, फिटची सगळी. या पेशंटना मी दर भेटीत एकच वाक्य सांगतो, घरात दहा दिवसांच्या उरल्या की दुकानात जा, मिळाली नाही तर त्याच दिवशी मला कळवा, स्वतः अर्धी करू नका, बंद करू नका. हे वाक्य तुटवडा नसतानाच सांगायचं असतं.

@ओपीडी_संपल्यावर, आता तुमच्या त्या पेशंट मुलीबद्दल. लॅमोट्रिजिनचं एक फार महत्त्वाचं आहे. तिने अर्धा डोस का होईना चालू ठेवला होता हे बरं झालं. पूर्ण बंद केलं असतं आणि पाच हाफ-लाइफपेक्षा (हाफ-लाइफ म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जास्त खंड पडला असता, म्हणजे हे एकटंच औषध चालू असेल तर साधारण पाच-सहा दिवस, तर थेट २०० वर परत नेता येत नाही. पहिल्यापासून कमी डोसने हळूहळू चढवावं लागतं, कारण अंगावर ती भयानक पुरळ उठायचा धोका असतो, स्टीव्हन्स-जॉन्सनवाली. म्हणजे आठवड्याच्या तुटवड्याची भरपाई करायला दीड-दोन महिने लागतात. आणि उद्या ५० ची पण संपली म्हणून घाईत व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधाकडे वळू नका. २६ वर्षांची मुलगी आहे, गर्भाला त्याचा धोका मोठा आहे, शिवाय व्हॅल्प्रोएट सोबत दिलं की लॅमोट्रिजिनची पातळी दुपटीच्या आसपास जाते. आधी २५ च्या गोळ्या बघा, पाण्यात विरघळणाऱ्या बघा, मग न्यूरोलॉजिस्टला फोन करून लेव्हेटिरासेटामसारखं काही आधीच ठरवून ठेवा आणि तिच्या फाइलवर लिहून ठेवा. पर्याय शांत डोक्याने ठरलेला बरा.

---

दोन_मुलांची_आई

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही, पण लिहितेच. माझा मोठा मुलगा अकरा वर्षांचा, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, फार चंचल, त्यासाठी मिथाइलफेनिडेट घेतो, लांब चालणारी गोळी. मध्ये ती गायब झाली. तेव्हा वाचलं की अमेरिकेत पण २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडरॉल या एडीएचडीच्या औषधाचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर झाला होता, म्हणजे आपण एकटेच नाही एवढंच समाधान.

या औषधाचं अवघड असं की ते कडक नियमांतलं आहे. दुकानात फोनवर विचारलं तर काही जण आहे की नाही हे पण सांगत नाहीत, संशयाने बोलतात. चिठ्ठी एका ठिकाणी दिली की ती तिकडेच अडकते, दुसरीकडे माल असला तरी परत नवीन चिठ्ठी पाहिजे. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून एका दुपारी वीसेक फोन केले असतील. प्रत्येक वेळी मुलाचं नाव, वय, आजार सगळं परक्या माणसाला सांगायचं.

आमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं कुठेतरी मिळेल, शोधा. तुमच्यासारखंच. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये, पण ते वाक्य ऐकल्यावर काय होतं ते सांगते, आपण एकटे पडलोय असं वाटतं.

नंतरच्या मॅडमनी काय केलं ते सांगते. आधी खरं सांगितलं, की कधी येईल मला माहीत नाही आणि यात तुमची चूक नाही. मग त्यांच्या असिस्टंटने आमच्यासमोर दोन फार्मसींना फोन केले. डॉक्टरकडून फोन गेला की उत्तर मिळतं, आईच्या फोनला मिळत नाही, हा फरक मी डोळ्यांनी बघितला. जिथे होतं तिथेच चिठ्ठी पाठवली. आणि तिथेही पूर्ण महिन्याचं नव्हतं तर जेवढं आहे तेवढं द्या, उरलेल्याची वेगळी चिठ्ठी देते म्हणाल्या. मग एक कागद दिला, त्यावर लिहिलं होतं की लांब चालणारी मिळाली नाही तर साधी कमी वेळ चालणारी कशी, किती, किती वाजता, आणि शाळेत दुपारचा डोस द्यायला लागेल म्हणून शाळेसाठी वेगळं पत्र. ते शाळेचं पत्र मला सुचलंच नसतं. शिवाय एखाद दिवशी मिळालीच नाही तर घाबरू नका, याच्या दांडीने जिवाला धोका नाही, फक्त शाळेला आधी कळवा, असंही सांगितलं. त्या एका वाक्याने माझी झोप परत आली.

म्हणून डॉक्टर, तुमच्या पेशंटला जर आधीच कोणी म्हटलं असतं की परत फोन करा, मला त्रास होत नाही, तर तिने केला असता. आम्ही लोक फोन करत नाही ते लाजेने.

---

बालरोगवाली

थोडक्यात लिहिते, ड्युटीवर आहे.

लहान मुलांमध्ये गोळी आहे पण सिरप नाही हा रोजचा प्रॉब्लेम. २०२२ च्या हिवाळ्यात अमॉक्सिसिलिनचं सिरप कितीतरी देशांत गायब झालं होतं. तेव्हा तीन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, खरंच अँटिबायोटिक पाहिजे का हे परत एकदा विचारणं, व्हायरल सर्दीला नाहीच लागत. दुसरी, लागत असेल तर किती दिवस. साध्या न्यूमोनियाला बऱ्याच मुलांना पाच दिवस पुरतात, सवयीने दहा लिहिले तर एका मुलाच्या बाटलीत दोन मुलं बरी झाली असती. तिसरी, कॅप्सूल उघडून मऊ गार अन्नात मिसळून देणं, किंवा मोठ्या मुलाला गोळी गिळायला शिकवणं. सहा-सात वर्षांची मुलं शिकतात, फक्त कोणीतरी दहा मिनिटं बसून शिकवायला पाहिजे.

पण आईबाबांना हे पण सांगा की सगळ्याच गोळ्या-कॅप्सूल फोडायच्या नसतात. लांब चालणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एका वेळी पोटात जातो.

---

काउंटरपलीकडून

@बालरोगवाली अगदी बरोबर. आणि मापाचं पण बघा, सिरपची ताकद बदलली की एमएल बदलतात. घरात जुनी सिरिंज असते आणि तिच्यावर आईने पेनने रेघ मारलेली असते. नवीन बाटली तीच रेघ बघून दिली जाते. मी बाटली देताना जुनी रेघ पुसायला सांगते आणि नवीन मारून देते.

---

तपासणी_टेबल

@जुना_फिजिशियन सर, सोमवारच्या फोनची कल्पना घेतो. हे मला जमण्यासारखं आहे. अजून एक विचारायचंय, माल थोडाच असेल तर कोणाला द्यायचा हे कसं ठरवता? माझ्याकडे वजन कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड मागणारे पण येतात आणि डायबेटिसवाले पण.

---

जुना_फिजिशियन

चांगला प्रश्न, आणि हा प्रश्न पेशंट समोर बसलेला असताना सोडवायचा नसतो, कारण समोरच्याला नाही म्हणणं फार अवघड. आधीच लिहून ठेवायचं, शक्य असेल तर एकट्याने नाही, चार सहकारी आणि फार्मासिस्ट मिळून.

मी स्वतःला विचारतो ते असं, याच्यासाठी दुसरं काही चालेल का? चालत असेल तर त्याने दुसरं घ्यायचं आणि ज्याला चालत नाही त्याच्यासाठी हे ठेवायचं. बेंझाथिन पेनिसिलिनचं उदाहरण बघा. २०२३ च्या तुटवड्यात अमेरिकेत सूचना निघाल्या की सिफिलिस असलेल्या गरोदर बायकांसाठी ते राखून ठेवा, कारण पोटातल्या बाळाला वाचवायला त्यांच्याकडे दुसरं औषधच नाही. बाकीच्यांना डॉक्सिसायक्लिन चालतं. मला हा विचार फार आवडला, ओळख, पैसा, कोण आधी आलं यातलं काही त्यात नाही. सेमाग्लुटाइडलाही तेच लावा. ज्या डायबेटिसवाल्याची साखर त्यावर बसलीये त्याचं आधी चालू ठेवा आणि माल नीट येईपर्यंत नवीन कोणाला सुरू करू नका. सुरू करून दोन महिन्यांनी थांबवायला लागलं तर परत खालच्या डोसपासून चढवा, उलट्या-मळमळ परत पहिल्यापासून.

आणि नाही म्हटलेला पेशंट कुठे जातो ते पण बघा. तो इंटरनेटवर जातो. २०२४ च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडचा इशारा दिला होता, ब्राझील, ब्रिटन, अमेरिका तिन्हीकडे बनावट बॅच सापडल्या होत्या. म्हणून मी प्रत्येकाला स्पष्ट विचारतो, कुठून मागवणार आहात का? आणि कोणाच्या ओळखीतून, ग्रुपवरून, शिल्लक आहे म्हणून मिळालेलं घेऊ नका म्हणून सांगतो. रागावून नाही, नाहीतर पुढच्या वेळी लपवतात.

साठा करण्याबद्दलही. घाबरून सहा महिन्यांचं लिहून देऊ नका. तुमच्या एका पेशंटला सुरक्षित वाटेल, पण शेजारच्याला रिकामी स्ट्रिप मिळेल. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी तर रोज विचारावं, शिरेतून चालू आहे ते तोंडाने देता येईल का? २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातला सलाइनचा मोठा कारखाना पाण्यात गेला, तेव्हा कितीतरी हॉस्पिटलांनी फक्त एवढ्यावर पिशव्या वाचवल्या. पिऊ शकणाऱ्याला पाणी प्यायला दिलं आणि काही अँटिबायोटिक पिशवीत न घालता सिरिंजने हळूहळू दिली.

---

ओपीडी_संपल्यावर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः @दोन_मुलांची_आई ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं पण वाटायलाच पाहिजे होतं.

काय केलं ते सांगतो. त्या मुलीला ५० च्या लिहून दिल्या, न्यूरोलॉजिस्टशी बोललो, आपत्कालीन पर्याय तिच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहिला आणि तिलाही एक कागद दिला. तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली सर तुम्ही कशाला, मी फोन करायला पाहिजे होता. मी म्हटलं नाही, मी करायला पाहिजे होता.

मग काल रात्री कॉम्प्युटरवर लॅमोट्रिजिन १०० चालू असलेले सगळे पेशंट काढले. चौदा निघाले. आज दुपारी सिस्टरने आणि मी मिळून सगळ्यांना फोन लावले, पाऊण तास लागला. नऊ जणांकडे भरपूर आहेत. दोघांनी दुकानातूनच ५० च्या घेतल्या होत्या, पण एक काका ५० ची एकेकच घेत होते, पाकिटावर नाव तेच म्हणून. त्यांना उद्या बोलावलंय. दोघांचा फोन लागला नाही, संध्याकाळी परत करणार आहे.

आणि एक आजी आहेत, एकट्या राहतात. त्यांनी फोनवर गोळ्या मोजून दाखवल्या, एक-एक करून मोठ्याने. सहा उरल्या होत्या. म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं?

@काउंटरपलीकडून मॅडम, एक विचारायचं राहिलं, त्यांना घरपोच पाठवायच्या असतील तर चिठ्ठीवर अजून काय लिहू?

---

काउंटरपलीकडून

फोन नंबर लिहा, आणि जुन्या १०० च्या संपल्यावरच ५० च्या दोन-दोन सुरू करायच्या हे मोठ्या अक्षरात लिहा. बाकी पाकिटावर मी लिहून देईन, आणि डिलिव्हरीवाल्याला दारात थांबून त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यायला सांगेन.